फक्त एक जहाज निवडायचं होतं

...तर त्या ट्रॅव्हल एजन्सीतल्या बाई मला विचारतात, "सर, तुम्ही कपल म्हणून कोणत्या टाइपचे आहात?" आता तुम्हीच सांगा, हा काय प्रश्न झाला? लग्नाला पंचवीस वर्षं झाली, हे आम्हाला सासरच्यांनी विचारलं नाही, शेजाऱ्यांनी विचारलं नाही, आम्ही एकमेकांना तर मुळीच विचारलं नाही, आणि ही काल-परवाची पोरगी, गळ्यात पट्टा, पट्ट्याला फोटो, फोटोतसुद्धा हसतेय, ती मला विचारते टाइप कोणता! म्हटलं बाई, आम्ही रोजचा टाइप. सकाळी मी निघतो तेव्हा ही आंघोळीला गेलेली असते आणि संध्याकाळी ही घरी येते तेव्हा मी कुणाच्या तरी बेडरूममध्ये भिंतीला भोकं पाडत असतो. ती हसतच म्हणाली, "म्हणजे ॲडव्हेंचर कपल." आणि टाइप करून मोकळी. अहो, फक्त एक जहाज निवडायचं होतं. जावई नव्हता निवडायचा. एक जहाज...

थांबा, सुरुवातीपासून सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल हा माणूस उगाच कावलाय. मी फर्निचरचं काम करतो. म्हणजे दुकान नाही, मी घरी जाऊन बसवून देतो, भिंतीतली कपाटं, स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या, घडी घालायचे पलंग, काय हवं ते. आणि आमची ही आहे पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात, तक्रार खिडकीवर. काचेला तळहाताएवढं भोक असतं ना, ज्यातून बोलायचं म्हणून आपण अर्धे वाकतो आणि मान अवघडते, त्या भोकाच्या पलीकडे ही. सकाळपासून लोक येतात आणि वाकून वाकून सांगतात, पाणी नाही, पाणी गढूळ, पाणी आलं ते शेजारच्याला आलं, आम्हाला नाही. ही सगळं ऐकून घेते. आवाज चढवत नाही, मान वर करत नाही. "नाव? पत्ता? कधीपासून?" असे तीन प्रश्न आणि पुढचा. हिच्या खिडकीसमोरची रांग इतकी सरळ असते की मी तिच्यावर लेव्हल लावून बघितली तरी बुडबुडा मधोमध राहील.

तर एकदा ही घरी आली, पर्स टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "अहो, मला समुद्रात जायचंय."

मी म्हटलं, "हं."

"समुद्रात म्हणतेय मी."

"हं, जा की."

आता माझं काय चुकलं? माझ्यापुढे एका गिऱ्हाइकाच्या किचनचा नकाशा होता आणि त्याच्या फ्रिजचं दार कुठल्याही बाजूनं उघडलं तरी खिडकीला आपटत होतं. माणसाचं लक्ष कुठे असणार? तर ही समोरची खुर्ची ओढून बसली. चिडली असती तर परवडलं असतं हो, ती चिडली नाही. अगदी ऑफिसातल्या आवाजात म्हणाली, "दिवसभर मी पाणी नाही, पाणी नाही हेच ऐकते. मला एकदा पाणीच पाणी बघायचंय, ज्याच्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नाही. हे एक. आणि दुसरं म्हणजे मला तुमच्याशी बोलायचंय. घरात मी तोंड उघडलं की तुम्हाला कुणाचं तरी कपाट आठवतं आणि तुम्ही चपला घालता. जहाजावरून कुठे जाल? चारी बाजूंनी पाणी. पाच दिवस मला द्या. माझी रजा शिल्लक आहे, या वर्षी घेतली नाही तर ती बुडणार."

खरं सांगतो, मला वाईट वाटलं. फार वाटलं. बायकोला नवऱ्याशी बोलायला माणूस पाण्यानं वेढून घ्यावा लागतो, हे काही चांगलं लक्षण नाही. मी नकाशा गुंडाळला आणि म्हटलं, ठरलं, जायचं. जहाज मी निवडतो. तिथेच माझं चुकलं. जहाज मी निवडतो हे वाक्य माणसानं बोलू नये. बोलायला ते फार सोपं वाटतं, पण जहाजानं फिरवून आणणाऱ्या कंपन्या किती आहेत याची तुम्हाला कल्पना आहे का? मला वाटत होतं समुद्र एक, तर जहाजं असतील दोन. एक जाणारं, एक येणारं.

तर त्या एजन्सीतल्या बाईंनी माझ्यापुढे पुस्तिका मांडल्या. पहिल्या कंपनीच्या जहाजावर घसरगुंड्या. एक नाही, ढीगभर. जहाजाच्या डोक्यावरून निघतात आणि पोटात जातात, आणि माणूस त्यांतून किंचाळत येतो आणि म्हणे पैसे वसूल. दुसऱ्या कंपनीत जेवायला कोट लागतो. काळाच. बाई म्हणाल्या, "सर, इथे खूप एलिगंट क्राउड असतो." म्हटलं, मी कोट लग्नात घातला होता, तो आता माझ्या फक्त एका हाताला होतो. तिसरी कंपनी शांततेची. त्यांच्या पुस्तिकेत एकही माणूस नाही, नुसतं पाणी आणि एक रिकामी खुर्ची. मला ती बघून आधी वाटलं, माणूस पडला की काय.

मी तिन्ही पुस्तिका घेऊन घरी आलो. हिला म्हटलं, बघ. ही म्हणाली, "तुम्ही निवडता म्हणालात ना? मला फक्त पाणी आणि तुम्ही." आणि झोपायला गेली. म्हणजे आता सगळं माझ्या डोक्यावर. फक्त एक जहाज निवडायचं होतं हो, पण घसरगुंडी, कोट की शांतता?

बरं, मी गप्प बसून एखादी चिठ्ठी उचलली असती तरी चाललं असतं. पण मेहुण्याला कळलं. माझा मेहुणा, हिचा धाकटा भाऊ, विमा विकतो. ज्या गोष्टीचा विमा निघतो त्या गोष्टीतलं त्याला सगळं कळतं आणि विमा कशाचाही निघतो. जन्मात होडीत बसलेला नाही, पण आला, सोफ्यावर मांडी घातली आणि म्हणाला, "दाजी, कंपनी बघू नका. दाजी, कोट-बिट सोडा. तुम्ही फक्त एक बघा, जहाज हलतं किती. पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाचं पोट जहाजाच्या आधी सुटतं." मला म्हणाला, आधी तुमची सहनशक्ती तपासू. कशी तपासणार? तर माझ्या कामाच्या खोलीतली चाकाची खुर्ची आणली, मला तिच्यात बसवलं आणि फिरवली. एका बाजूनं फिरवली, मग दुसऱ्या बाजूनं फिरवली, आणि फिरवता फिरवता विचारतो, "दाजी, आता कसं वाटतंय? आता? हा झाला शांत समुद्र. हा थोडा वारा. आता मी वादळ देतो हं." वादळ दिलं त्यानं. मी खुर्चीसकट दारातून बाहेर गेलो आणि जिन्यापाशी थांबलो, आणि त्याच वेळी वरच्या मजल्यावरचे डेंटिस्ट भाजी घेऊन येत होते.

आता हे डेंटिस्ट आणि त्यांची बायको, दोघंही डेंटिस्ट, दोघंही निवृत्त. त्यांनी आयुष्यभर लोकांना तोंड उघडायला लावलं, आता ते स्वतःचं बंद करत नाहीत. माझी अवस्था बघून त्यांनी विचारलं काय झालं, मी तोंडातून कसंबसं 'क्रूझ' म्हटलं आणि संपलो. त्यांनी वर नेलं. दर वर्षी क्रूझ करतात हो ते! टीव्ही लावला, फोटो सुरू केले. आता क्रूझचे फोटो म्हटल्यावर मला वाटलं समुद्र दिसेल. छे! पहिला फोटो टॉवेलचा. टॉवेलचा हत्ती. खोली आवरणारा माणूस म्हणे रोज टॉवेल दुमडून प्राणी करून पलंगावर ठेवतो. मग टॉवेलचा हंस. मग टॉवेलचं माकड, ते पडद्याच्या दांडीला टांगलेलं, आणि त्याला डॉक्टरांचाच चष्मा घातलेला. कितीतरी प्राणी बघितले मी, आणि प्रत्येक प्राण्यावर दोघांचं भांडण.

ते म्हणणार, "घसरगुंडीवाली कंपनी उत्तम. डोळे मिटून जा."

त्या म्हणणार, "भंगार आहे. रांगेत उभं राहून पाय गेले माझे."

"शांततेची कंपनी घेऊ नका. तिसऱ्या दिवशी माणूस स्वतःशी बोलायला लागतो."

"स्वतःशी का होईना, बोललात तरी. घ्या हो तुम्ही शांतता."

मी मध्ये. मी हळूच विचारलं, तुम्ही दोघं जहाजावर एकमेकांशी बोलता का? दोघांचेही हात रिमोटकडे गेले. मग डॉक्टर म्हणाले, "जेवणाच्या वेळा फार जवळजवळ असतात हो. वेळ कुठे मिळतो?" आणि पुढचा फोटो लावला. टॉवेलचा बेडूक.

म्हणजे माणसानं विचारायला जावं तर आणखी गुंतावं. फक्त एक जहाज, एकच... मी घरी येऊन पुस्तिका पुन्हा उघडल्या आणि मला शेवटच्या पानावर अचानक आमची भाषा दिसली. केबिनची मापं! लांबी, रुंदी, पलंग, कपाट, बाथरूम. माझ्या जिवात जीव आला. एलिगंट क्राउड मला कळत नाही, पण खोली कळते. मी म्हटलं, आता कुणाला काही विचारायचं नाही. बघून घ्यायचं. घालून बघितल्याशिवाय माणूस शर्ट घेत नाही, आणि इथे तर पाच दिवस राहायचं.

मी ती केबिन हॉलमध्ये बांधली.

हसू नका. माझ्याकडे प्लायवूड पडलेलं होतं, हॉल रिकामा करायला मेहुणा होता, त्यात नवल काय? सोफा गॅलरीत उभा केला, टीव्ही स्वयंपाकघरात, आणि हॉलच्या मधोमध घसरगुंडीवाल्या कंपनीची केबिन, पुस्तिकेतल्या मापानं, दार, कपाट, बाथरूम सगळं जागच्या जागी. गोल खिडकीसुद्धा कापली. खिडकीतून गॅलरीतला सोफा दिसत होता, पण म्हटलं तिथे समुद्र धरायचा. ही ऑफिसातून आली, दारात उभी राहिली आणि विचारलं, "आता आपण बसायचं कुठे?" म्हटलं, आत ये. ती आत आली आणि मला बाहेर यावं लागलं, कारण घसरगुंडीवाल्या कंपनीच्या केबिनमध्ये एकानं कपाट उघडलं की दुसऱ्यानं बाथरूममध्ये जाऊन उभं राहायचं, आणि बाथरूममध्ये उभं राहिलं की कोपर साबणाच्या खोबणीत. नवराबायकोला एकाच वेळी जमिनीवर पाय ठेवायची सोयच नाही. कंपनी बाद!

दुसऱ्या दिवशी ती मोडली आणि कोटवाल्यांची बांधली. ती जरा मोठी, पण कोट टांगायचं कपाट एवढं की पलंग त्यातच ठेवल्यासारखा. मेहुणा म्हणाला, "दाजी, हलवून बघितल्याशिवाय कळणार नाही." आणि बाहेरून केबिन हलवायला लागला. एकट्याला हलेना म्हणून वरच्या डेंटिस्टना बोलावलं. एका बाजूला मेहुणा, एका बाजूला डॉक्टर, आत आम्ही दोघं पलंगावर, आणि डॉक्टरांच्या मिसेस बाहेरून ओरडताहेत, "इतकं नाही हो हलत! हळू! हे म्हणजे दाढ काढल्यासारखं झालं!" बिल्डिंगमधले लोक बघायला आले. कुणीतरी विचारलं, आत कोण आहे? मेहुणा म्हणतो, "बहीण आणि दाजी. जहाज निवडताहेत." माणसं अशी समजूतदार चेहरे करून निघून गेली, जसं काही ती आता आमच्याशी फार जपून बोलणार होती.

आणि मग तिसरी. शांततेची कंपनी. ती मी मन लावून केली, सांगायला हरकत नाही. कडा गोल, दाराला आवाज नाही, खिडकीशी दोन माणसं मावतील असा बाक. सगळे घरी गेले होते, मेहुण्याला मी विमा विकायला पाठवला होता. आम्ही दोघं त्या बाकावर बसलो. गुडघ्याला गुडघा लागत होता. ही खिडकीतून सोफ्याकडे बघत होती आणि एकदम म्हणाली, "ऐका ना. मला कधीपासून तुम्हाला एक सांगायचं होतं."

मी म्हटलं, "सांग."

तेवढ्यात समोरच्या कपाटाचं दार आपोआप सुटलं. अगदी बोटभर. बिजागरी. वरची बिजागरी मी घाईत लावली होती. मी नुसता वाकलो हो, नुसता हात लावला, स्क्रू खिशातच होता. दोन मिनिटांचं काम. करून बघतो तर बाक रिकामा. मी विचारलं, काय सांगत होतीस? ती बाथरूमच्या प्लायवूडपलीकडून म्हणाली, "काही नाही. कपाट लागलं का?"

लागलं होतं. उत्तम लागलं होतं. पण त्या दिवशी मला ते लागल्याचा आनंद झाला नाही. मी तिथेच बाकावर बसून राहिलो आणि मला कळेना, हे पाच दिवस जमणार आहेत का आपल्याला. जहाज मी कुठलंही निवडलं तरी त्यात कपाट असणारच ना?

तर हिनं काय केलं, ऐका. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आली, पर्स ठेवली, म्हणाली, "जहाज निवडलं मी."

मी उडालोच. म्हटलं कसं? मी इकडे हॉल खणून ठेवलाय, तू कसं निवडलंस? तर म्हणाली, जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातून फोन केले. म्हटलं, विक्री विभागाला? ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जसं मी पातळ प्लायवूडवर दार टांगायला निघालोय. "विक्रीवाले काय सगळे गोडच बोलतात. मी तक्रार विभागाला केले. ज्याला ऑफिस ओळखायचंय त्यानं तक्रार करून बघावी." अहो, हिनं खोटी तक्रार रचली! माझी बॅग हरवली, माझ्या खोलीत पाणी येत नाही, मी गेल्या ट्रिपची प्रवासी आहे... आणि ती तिन्ही कंपन्यांना ऐकवली. खिडकीच्या या बाजूनं बोलायची आयुष्यातली पहिली संधी, सोडते काय?

घसरगुंडीवाल्यांनी तिला संगीत ऐकवलं. सगळी जेवणाची सुट्टी संगीत. कोटवाल्यांची बाई मखमलीच्या आवाजात म्हणाली, "मॅडम, तुमची नाराजी आमच्यासाठी अत्यंत मोलाची आहे." ही म्हणते, "मोलाची आहे म्हटलं की समजायचं, कपाटात कुलूप लावून ठेवणार." आणि शांततेवाल्यांचा फोन उचलला एका माणसानं. मागे भांड्यांचा आवाज. तो म्हणाला, "बाई, तक्रारीच्या खुर्चीवर कुणी नाही. होता तो सोडून गेला, दुसरा मिळत नाही. फोन फार वेळ वाजत होता म्हणून मी उचलला. मी जहाजावरचा स्वयंपाकी आहे. तुमचं पाणी मला काही आणता येणार नाही, खोटं कशाला बोलू? पण जेवलात का तुम्ही?"

हिच्या डोळ्यांत पाणी आलं हो हे सांगताना. मला म्हणाली, "इतकी वर्षं खिडकीवर बसले, पण खरं बोलणारा तक्रार विभाग मी आज पहिल्यांदा ऐकला. ह्याच जहाजानं जायचं." मी मापं काढली, बिल्डिंग हलवली, खुर्चीत बसून वादळ सोसलं, आणि जहाज ठरलं कशावर? 'जेवलात का' यावर. पण मनात म्हटलं, निदान बिजागरी माहितीची आहे. फक्त एक जहाज निवडायचं होतं, ते निवडून झालं होतं, झालं ना?

निघायच्या दिवशी हिनं माझ्या बॅगेतून मापाची टेप काढली. मोज्यातून स्क्रूड्रायव्हर काढला. चष्म्याच्या डबीतून छोटा स्क्रूड्रायव्हर काढला, तो मी स्वतःसुद्धा विसरलो होतो. मी ठरवलंच होतं, आपण या पाच दिवसांत कशाला हात लावायचा नाही, हिच्याकडे बघायचं आणि ऐकायचं. जहाजाची केबिन बघितली तर काय सांगू, हुबेहूब माझीच! तोच बाक, तीच खिडकी, फक्त सोफ्याच्या जागी खरा समुद्र. आणि कपाटाचं दार असं बसवलेलं की मी मनातल्या मनात त्या माणसाला नमस्कार केला. काही म्हणजे काही करायला नाही. मी बाकावर बसलो, हात मांडीखाली घेतले आणि म्हटलं, "बोल. काय सांगायचं होतं तुला?"

ही हसली. इतकी छान हसली... म्हणाली, "थांबा, आधी खाली जाऊन दुसरी किल्ली मागून आणते, मग निवांत बसू."

गेली ती आलीच नाही.

मी वाट बघितली. समुद्र बघितला. समुद्र काय, एकदा बघितला की तोच असतो. शेवटी शोधायला खाली गेलो, तर मोठ्या दालनात माणसांची ही गर्दी, आणि गर्दीच्या टोकाला एक टेबल, टेबलामागे तक्रारीची ती रिकामी खुर्ची. म्हणजे रिकामी असायला हवी होती ती खुर्ची, पण तिच्यात ही बसलेली. नंतर कळलं ते असं, की ही किल्ली मागायला गेली तेव्हा तीस-चाळीस माणसं त्या खुर्चीपुढे नुसती उभी होती आणि रांग वाकडी होती. हिला रांग वाकडी बघवत नाही. तिनं आधी फक्त रांग सरळ केली. मग सगळ्यात पुढचे एक आजोबा कळवळून म्हणाले, "बाई, बाथरूममध्ये पाणी येत नाही हो." चारी बाजूंनी समुद्र, आणि पाणी येत नाही! आता तुम्हीच सांगा, ही तिथून हलणार आहे? तिच्या चेहऱ्यावर काय तेज होतं म्हणून सांगू. आमच्या लग्नात नव्हतं.

म्हटलं, अगं चल. ती म्हणाली, "दोनच मिनिटं." हे दोनच मिनिटं मला चांगलं ओळखीचं आहे, मी आयुष्यभर तेच सांगत आलोय, पण ते समोरून ऐकायला किती लांब असतं हे मला माहीत नव्हतं. संध्याकाळी तो स्वयंपाकी तिला स्वतः ताट घेऊन आला. कप्तान आला, त्यानं हात जोडले. दुसऱ्या दिवशी तिला नावाचा बिल्ला मिळाला. तिसऱ्या दिवशी लोक, ज्यांची काही तक्रार नव्हती ते, काहीतरी शोधून काढून रांगेत उभे राहायला लागले, कारण म्हणे बाई फार मनापासून ऐकतात.

मनापासून ऐकतात! सगळ्या जहाजाचं ऐकत होती आणि मी केबिनमध्ये. मला बोलायचं होतं हो, खरंच बोलायचं होतं. कधी नव्हे ते पोटातून शब्द येत होते. टॉवेलचा ससा समोर होता, त्याच्याशी एकदा सुरुवातही केली. मग म्हटलं, नाही, हे बरं नाही. चौथ्या दिवशी सकाळी दाढी केली, चांगला शर्ट घातला, खाली गेलो आणि रांगेत उभा राहिलो. मध्ये घुसलो नाही. घुसलो असतो तर तिनं परत शेवटी पाठवलं असतं, मी ओळखतो ना तिला. माझ्या पुढे एक बाई होत्या, त्यांची तक्रार होती की समुद्राचा आवाज फार येतो. सरकत सरकत माझा नंबर आला. मी वाकलो. काच नव्हती तरी वाकलो.

मान वर न करता म्हणाली, "नाव?"

सांगितलं.

"खोली?"

म्हटलं, तुझीच.

"काय तक्रार आहे?"

म्हटलं, बायको भेटत नाही.

"कधीपासून?"

म्हटलं, चार दिवस झाले.

तिचं पेन थांबलं. तिनं मान वर केली. तक्रार घेताना तिनं मान वर केलेली मी पहिल्यांदाच बघितली. आणि अगदी हळू, मागच्याला ऐकू जाणार नाही अशी म्हणाली, "अशीच एक आमच्याकडे पंचवीस वर्षं पडून आहे. आधी तिचा नंबर."

म्हटलं, चूक झाली माझी, पण आता काय करायचं ते सांग. तिनं लिहून घेतलं, नीट, पूर्ण वाक्यात, आणि खाली सही केली. म्हणाली, "नोंद झाली आहे. आठवड्याभरात माणूस येऊन बघून जाईल."

म्हटलं, अगं, उद्या आपण उतरतोय.

"मग उतरल्यावर चौकशी करा," म्हणाली. "पुढचे कोण आहेत?"

काय करणार? झालो बाजूला. मागे लाइन मोठी होती.